एकच स्कोप, दोन रायफली: काढणं, बसवणं आणि पुन्हा झिरो करणं

स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेमाची दुर्बीण, एका रायफलीवरून काढून दुसरीवर चढवला की जुना झिरो गेला. झिरो म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागावी म्हणून ठरावीक नळी, स्कोप धरणारं ठरावीक माउंट आणि ठरावीक गोळी यांचा मिळून जमलेला हिशेब. त्यातलं एक बदललं की हिशेब नव्याने मांडावा लागतो. हे मान्य केलं तर एका सकाळीत काम होतं. मान्य न करता फक्त नॉब फिरवत बसलं तर छर्‍यांचे दोन डबे संपतात आणि ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) जागेवर येत नाही.

मराठवाड्यात ही वेळ दोन-तीन कारणांनी येते. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. चांगला स्कोप महाग, म्हणून दोन्ही रायफलींत मिळून एकच घेतला जातो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना परवान्याची रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. स्कोप काढून जमा केली असेल तर परत आल्यावर सगळं पहिल्यापासून. आणि बरीच मंडळी एअर रायफलवाली आहेत: .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यामुळे एक स्प्रिंगची (स्प्रिंगर) आणि एक पीसीपी (दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) अशी जोडी घरात असते. १० मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत स्कोप चालत नाही, बारीक भोकातून नेम धरायची पीप साइटच लागते. म्हणून रेंजवर वर्षं काढलेल्यांनाही स्कोप बसवण्याची सवय नसते.

आधी बघा, स्कोप त्या रायफलीला चालतो का

स्प्रिंगच्या एअर रायफलीचा झटका दोन्ही दिशांनी असतो. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या टोकाशी थांबताना ती पुढे फेकली जाते. बंदुकीसाठी बनवलेल्या साध्या स्कोपच्या आतली भिंगं आणि रेटिकल (नेमाच्या रेघा) मागच्या झटक्याला टिकतील अशी बसवलेली असतात. पुढच्या झटक्याने ती सैल होतात. म्हणून .३०-०६ सारख्या जोरदार रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप स्प्रिंगरवर काही शेकडा छर्‍यांत खराब होऊ शकतो. स्कोपच्या माहितीपत्रकात एअरगनसाठी चालतो असं लिहिलेलं नसेल तर स्प्रिंगरवर चढवू नका. पीसीपी आणि .२२ ला झटका नगण्य, तिथे ही अडचण नाही.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसणं. पॅरॅलॅक्स फिरवता न येणारे सेंटरफायरचे (मोठ्या काडतुसांच्या रायफलींचे) स्कोप बहुधा १०० यार्ड किंवा त्याहून पुढे जुळवलेले असतात, रिमफायरचे (.२२ सारख्या छोट्या काडतुसांचे) ५० यार्डांच्या आसपास. असा १०० यार्डांचा स्कोप एअर रायफलीवर १५ मीटरला वापरला की डोळा जरा सरकताच रेटिकल लक्ष्यावरून सरकतं आणि छर्रेही त्याप्रमाणे पसरतात. पुढच्या कड्याने किंवा बाजूच्या नॉबने १० मीटरपर्यंत जुळणारा स्कोप दोन्हीकडे चालतो.

तिसरी गोष्ट रेल, म्हणजे माउंट जिला पकडून बसतं ती रायफलीवरची पट्टी. एअर रायफली आणि बहुतेक .२२ वर ११ मिलिमीटरचा डव्हटेल (तिरक्या कडांची पट्टी) असतो, मोठ्या रायफलींवर वीव्हर किंवा पिकाटिनी (आडव्या खाचांची रेल), रुंदी साधारण २१ मिलिमीटर. वीव्हर आणि पिकाटिनी दिसायला सारख्या. पण पिकाटिनीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि दोन खाचांतलं अंतर ठरलेलं १०.०१ मिलिमीटर. वीव्हरची खाच अरुंद, ४.५७ मिलिमीटर. म्हणून वीव्हरची रिंग (स्कोपला गोल धरणारं माउंटचं कडं) पिकाटिनीवर बसते, पिकाटिनीची रिंग वीव्हरवर बसेलच असं नाही. आयओएफच्या (भारतीय आयुध कारखाने) .३१५ स्पोर्टिंग रायफलीचा रिसीव्हर (नळी जिथे बसते तो मधला भाग) ली-एनफिल्ड घडणीचा, त्यावर स्कोपची रेल नसते. तिथे स्वतः ड्रिल लावू नका. रिसीव्हरला छिद्र पाडण्याचं काम परवानाधारक गनस्मिथचंच.

दोन्ही रायफलींवर एकाच जातीची रेल असेल तर सगळ्यात मोठी सोय होते: स्कोप रिंगांमधून कधीच काढायचा नाही. रिंगांसकट उचलायचा, रिंगांसकट बसवायचा. एकीवर डव्हटेल आणि दुसरीवर पिकाटिनी असेल तर डव्हटेलवर अडॅप्टर रेल कायमची बसवून टाका. हजार-दीड हजार रुपये जातात, पण दर वेळी रिंगा उघडून नळीवर ओरखडे पाडण्यापेक्षा ते परवडतं.

काढण्याआधीच्या नोंदी

हे काम लोक टाळतात, आणि अर्धा वेळ इथेच वाचतो.

रायफल रिकामी करा. मॅगझीन बाहेर, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) बाहेर, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि करंगळीने चाचपा. ब्रेक बॅरल (नळी खाली वाकवून चढवायची) रायफल चढवलेल्या अवस्थेत कधीही स्टँडवर ठेवू नका.

मग वहीत लिहा: कोणत्या रायफलीवरून काढतोय, कोणता छर्रा किंवा काडतूस, किती मीटरला झिरो, दोन्ही टरेटचे (नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या नॉबचे) आकडे आणि रेलची कितवी खाच. स्कोपच्या नळीवर रिंगेच्या पुढच्या कडेला लागून पेन्सिलीने बारीक रेघ मारा. पुढे स्कोप रिंगेत घसरतोय का हे ही रेघच सांगते. मग रेल पकडणारे खालचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. एक स्क्रू पूर्ण सोडून दुसरा घट्ट ठेवला तर स्कोपच्या नळीला पीळ बसतो.

साहित्य थोडंच: योग्य मापाच्या ॲलन चाव्या किंवा टॉर्क्स बिट, शक्य असेल तर टॉर्क स्क्रूड्रायव्हर, सर्जिकल स्पिरिट, सुती फडकं, लहान पाणसळ आणि गवंड्याचा ओळंबा. ओळंब्याचं काम पुढे आहे.

बसवणं

रेल आणि रिंगेचा खालचा भाग स्पिरिटने पुसा. डव्हटेलवर तेलाचा थर राहिला की स्प्रिंगरच्या झटक्याने माउंट मागे चालत जातं. मिलिमीटरभर सरकलं तरी झिरो हलतो. स्प्रिंगरवर माउंटखालची स्टॉप पिन रेलच्या छिद्रात बसवा. छिद्र नसेल तर माउंटच्या मागे टेकणारा वेगळा स्टॉप लावा. पिकाटिनीवर रिंगेची आडवी पट्टी खाचेत टाकून स्कोप पुढे, नळीच्या दिशेने रेटा आणि तसाच रेटून धरत आवळा. झटक्याला स्कोप जागेवर राहू पाहतो आणि रायफल मागे येते, म्हणून पट्टी आधीच खाचेच्या पुढच्या कडेला टेकलेली हवी. दर वेळी तीच खाच, तोच रेटा, तेवढंच आवळणं. रिंगांसकट स्कोप परत आणल्यावर तो जुन्या झिरोच्या जवळ येतो तो यामुळेच.

उंची तपासा. पुढच्या भिंगाची कड नळीला चिकटू नये. मध्ये जाड कागदाची घडी सहज जावी एवढी फट पुरे. बोल्ट रायफल असेल तर बोल्टचा दांडा वर उचलून मागेपर्यंत ओढून बघा, आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) अडतो का. पीसीपीत छर्रा भरण्याच्या जागेवर बाजूचा टरेट येतो का तेही आत्ताच बघा, रेंजवर गेल्यावर नको.

आता डोळ्याचं आयपीसपासूनचं अंतर. बहुतेक स्कोपना ते ७५ ते १०० मिलिमीटर लागतं. दोन रायफलींचे कुंदे कमी-जास्त लांबीचे असतात, त्यामुळे एकीवर बरोबर बसलेलं अंतर दुसरीवर चुकतं. स्कोप सर्वांत मोठ्या झूमवर ठेवा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल कुंद्यावर सैल टेकवा आणि मग डोळे उघडा. चित्र पूर्ण, कडेला काळी सावली नाही, असं दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करा. ज्या बसणीत नेम धरणार त्याच बसणीत हे करा. उभं राहून जुळवलेला स्कोप बेंचवर बसून धरला की फार जवळ येतो, आणि .३०-०६ असेल तर भुवईला खोक पडते.

रेटिकल सरळ करणं

इथे घाई नको. रेटिकल तिरकं राहिलं तर २५ मीटरला सगळं छान दिसतं आणि ५० ला गोळी बाजूला जाते. नंतर माणूस त्याचा दोष वार्‍याला देतो.

घराबाहेर १५-२० मीटरवर झाडाच्या फांदीला किंवा ओसरीच्या वाशाला ओळंबा लटकवा, मागे पांढरा कपडा. वारा असेल तर शेंडा पाण्याच्या बादलीत बुडवा, डोलायचा थांबतो. रायफल स्टँडवर किंवा वाळूच्या पिशव्यांवर ठेवा. पाणसळ रायफलीच्याच एखाद्या सपाट भागावर ठेवायची, रेलवर किंवा रिसीव्हरच्या सपाटीवर. टरेटच्या टोपीवर ठेवू नका; टोपी आणि आतलं रेटिकल एकमेकांशी काटकोनात असतीलच असं नाही. रायफल सपाट झाली की स्कोपमधून बघा आणि उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर येईपर्यंत स्कोप रिंगेत फिरवा. रिंगांच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू एवढेच सैल ठेवा की स्कोप जोर लावल्यावर फिरेल.

मग गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे आडवे-तिडवे, प्रत्येकी पाव पाव फेर्‍याने आवळा. टोपी आणि खालचा भाग यांतली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी राहिली तर आवळताना स्कोप थोडा फिरलेला असतो. आवळून झाल्यावर ओळंबा पुन्हा बघा. वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर एवढाच जोर. टॉर्क स्क्रूड्रायव्हर नसेल तर ॲलन चावीची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजू दोन बोटांनी आवळा, साधारण तेवढंच होतं. त्यापेक्षा जास्त आवळल्यास स्कोपची नळी दबते आणि झूमचं कडं जड फिरतं. रेलचे स्क्रू उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे. ॲल्युमिनियमच्या माउंटला पोलादाएवढा जोर देऊ नका, आटे निघतात. निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) फक्त बेस रेल रिसीव्हरला धरणार्‍या स्क्रूंना लावा. टोप्यांच्या स्क्रूंना लावू नका, तिथे ते वंगणासारखं वागतं आणि त्याच जोरात स्क्रू जास्त आवळला जातो.

याच वेळी कुंद्याचे स्क्रूही तपासा. लाकडी कुंदा उन्हाळ्यात आकसतो आणि पावसाळ्यात फुगतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या पहाटे १० च्या खाली येतो. एवढ्या फरकात स्क्रू सैल होणारच. “स्कोप खराब झाला” म्हणून आणलेल्या कितीतरी रायफलींत दोष कुंद्याच्या सैल स्क्रूचा निघतो.

टरेट मधोमध आणा

जुन्या रायफलीवर टरेट एका टोकाला गेलेला असेल तर नवीन रायफलीवर तिथूनच सुरुवात करू नका. एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत हलक्या हाताने क्लिक मोजा आणि अर्ध्यावर या. समजा २४० क्लिक भरले, तर १२० वर थांबा. वरचा टरेट, बाजूचा टरेट आणि मग दोन्ही पुन्हा एकदा, कारण एक टोकाला असताना दुसर्‍याचा पल्ला कमी होतो. टोकाला अडलं की जोर लावू नका. टोकाजवळ आतल्या स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि रेटिकल झटक्यागणिक हलू लागतं. झिरो भटकण्याचं हे नेहमीचं कारण.

ब्रेक बॅरल रायफलींत नळी थोडी खाली झुकलेली असते, त्यामुळे छर्रा खूप खाली लागतो आणि टरेट वर नेऊन नेऊन टोकाला जातो. यावर उपाय मागच्या रिंगेखाली पट्टी. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. दोन रिंगांत १०० मिलिमीटर अंतर असेल तर मागच्या रिंगेच्या तळात स्कोपखाली ठेवलेली अशी एक पट्टी २५ मीटरला मारा २५ मिलिमीटर वर उचलते. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा. दोन पट्ट्यांपर्यंत ठीक. त्याहून जास्त लागत असतील तर स्कोपची नळी वाकते, तिथे उंची बदलता येणारं माउंट घ्या.

रेंजवर

झिरो करायला रेंजवरच जा. जिल्ह्याच्या रायफल संघटनेकडे चौकशी करा. शेतात, बांधावर, नदीपात्रात बंदूक चालवून झिरो करणं बेकायदा आणि जिवावरचं आहे. .२२ ची गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते आणि आपल्याकडच्या सपाट काळ्या रानात तिला अडवायला काही नसतं. एअर रायफल घरच्या आवारात झिरो करायची असेल तर मागे चाळलेल्या मातीने भरलेल्या पोत्यांची भिंत घाला. मुरूम भरू नका, त्यातल्या दगडांवरून छर्रा उलटतो. चष्मा घालाच.

वेळ सकाळची, नऊच्या आत. उन्हाळ्यात त्यानंतर वारा उठतो आणि जमिनीवरून उठणार्‍या झळांनी लक्ष्य हलताना दिसतं. काडतुसं आणि छर्रे गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका. तापलेल्या दारूचा वेग वाढतो आणि दुपारी केलेला झिरो सकाळी खाली लागतो.

पिशव्यांत कोरडी, चाळलेली वाळू भरा, फार टणक नको. एक पुढच्या हातधरणीखाली, एक कुंद्याखाली. नळी कशावरही टेकवू नका. स्प्रिंगरला वेगळी धरण लागते: पिशवीवर तळहात, तळहातावर रायफल, दर वेळी त्याच जागी, आणि पकड सैल. घट्ट धरलेला स्प्रिंगर प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला उडी मारतो.

बोल्ट रायफलीत पहिला अंदाज फुकट मिळतो. बोल्ट काढा, पिशव्यांवर रायफल स्थिर करा, नळीतून मागून बघून २५ मीटरचं लक्ष्य नळीच्या गोलात मधोमध आणा. रायफल न हलवता स्कोपचं रेटिकल त्याच लक्ष्यावर आणा. ब्रेक बॅरलला हे जमत नाही. तिथे १० मीटरवर मोठा कागद, चार्ट पेपरच लावा आणि एक छर्रा मारून बघा. नळीत घालायचा लेझर वापरत असाल तर तो काढल्याची खात्री करूनच काडतूस भरा.

२५ मीटरवर पाच गोळ्या, सगळ्या एकाच बिंदूवर नेम धरून. मधल्या गोळ्या कुठे लागल्या ते बघून नेम बदलायचा नाही. पाच झाल्यावर कागदाजवळ जा, सगळ्या भोकांचा मध्य काढा आणि मापपट्टीने मोजा. एकेका गोळीवर नॉब फिरवणं ही सर्वांत महागडी सवय आहे, कारण एक गोळी ग्रुपच्या कुठल्याही कडेची असू शकते.

पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १० मीटरला ०.७३ मिलिमीटर, २५ ला १.८, ५० ला ३.६ आणि १०० ला ७.३ मिलिमीटर हलवतो. ०.१ मिलचा (मिल हे कोनाचं दुसरं माप) क्लिक अनुक्रमे १, २.५, ५ आणि १०. समजा २५ मीटरला ग्रुपचा मध्य ४३ मिलिमीटर खाली आणि २२ मिलिमीटर उजवीकडे आहे. ४३ भागिले १.८ म्हणजे २४ क्लिक वर, २२ भागिले १.८ म्हणजे १२ क्लिक डावीकडे. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो. क्लिक दिल्यावर पुन्हा पाच. स्वस्त स्कोपमध्ये क्लिक दिल्यावर रेटिकल लगेच जागेवर येत नाही, एक-दोन झटके बसल्यावर येतं. म्हणून नॉब फिरवल्यावर दोन गोळ्या सोडून द्या आणि मग ग्रुप मोजा.

२५ जमलं की ५० वर जा आणि अंतिम झिरो तिथेच करा. ५० ला झिरो केलेली स्टँडर्ड वेगाची .२२, स्कोप नळीच्या ४ सेंटीमीटर वर असताना, २५ मीटरला साधारण १ सेंटीमीटर वर लागते. हे चुकलेलं नाही. अगदी जवळ, ५ मीटरला, गोळी नेमाच्या खाली लागते, कारण स्कोप वर आणि नळी खाली.

.२२ मध्ये काडतुसाची जात बदलली असेल तर पहिल्या १०-१५ गोळ्या नळी स्थिरावण्यातच जातात, त्यांवर काही ठरवू नका. .३०-०६ ला तीन गोळ्यांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा.

ग्रुप पसरतोय किंवा भटकतोय

क्रमाने बघा: कुंद्याचे स्क्रू, रेलचे स्क्रू, पेन्सिलीची रेघ, पॅरॅलॅक्स, छर्रा. स्कोपवर संशय शेवटी घ्या. ग्रुप उभा लांबट येत असेल तर पीसीपीत हवेचा दाब उतरलाय, स्प्रिंगरमध्ये धरण बदलतेय. २५ ला मधोमध आणि ५० ला बाजूला जात असेल तर रेटिकल तिरकं आहे किंवा रायफल कलंडतेय. रायफल ५ अंश कलली तर ५० मीटरला .२२ ची गोळी कललेल्या बाजूला साधारण एक सेंटीमीटर जाते. ५ अंश डोळ्याला कळतही नाहीत, म्हणून स्कोपवर छोटी पाणसळ लावलेली बरी.

स्कोपच दोषी आहे का हे बघायला चौकोन मारा. ग्रुप, मग २० क्लिक वर, ग्रुप. २० उजवीकडे, ग्रुप. २० खाली, ग्रुप. २० डावीकडे, ग्रुप. पाचवा ग्रुप पहिल्यावर आला पाहिजे आणि चौकोनाच्या बाजू सारख्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर असा स्कोप दोन रायफलींत फिरवण्याच्या कामाचा नाही. एका रायफलीवर, एका झिरोवर, टोप्या बंद करून ठेवा.

झिरो पक्का झाला की टरेटच्या टोपीचे बारीक स्क्रू सैल करून आकडा शून्यावर आणा आणि पुन्हा आवळा. हे एकाच रायफलीसाठी करायचं, जिच्यावर स्कोप जास्त काळ राहतो तिच्यासाठी. दुसरीचा फरक वहीत: “पीसीपीवर १४ वर, ६ डावीकडे, तिसरी खाच, २५ मीटर, ८.४ ग्रेन छर्रा, डिसेंबर.” पुढच्या वेळी स्कोप चढवताना तिसरी खाच, तेवढे क्लिक, आणि पाच गोळ्यांचा एक ग्रुप तपासायला.